हिरवे बटण, तांबडे बटण

तुमच्या घरी विजेवर फिरणारी यंत्रे किती आहेत, ती एकदा बोटांवर मोजून पाहा. विहिरीवरची मोटर धरा. गोठ्यातली कडबाकुट्टी धरा. कुणाकडे घरगुती पिठाची गिरणी असेल, कुणाकडे मिरची कांडप असेल. ज्यांच्या दारात वेल्डिंगचे किंवा सुतारकामाचे छोटे दुकान आहे त्यांच्याकडे भोके पाडायचे ड्रिल, धार लावायची एमरी, लाकूड कापायची करवत. एका हाताची बोटे सहज संपतात. आमच्या लहानपणी गावात दोनच यंत्रे होती, एक गिरणी आणि एक इंजिन, आणि दोन्हींजवळ पोरांना फिरकू देत नसत. आता यंत्र घरात आले आहे, त्याच्या शेजारी भांडी घासली जातात आणि त्याच्या आडोशाला मांजर पिले घालते.

या सगळ्या यंत्रांना चालू-बंद करणारी एक पेटी असते. हिरवे बटण दाबले की चालू, तांबडे दाबले की बंद. मोटर जळाली तर आपण दहा जणांना विचारतो. पेटी बिघडली तर मात्र कुणालाही न विचारता काहीतरी जुगाड करून वेळ मारून नेतो. त्या जुगाडाविषयी आज तुमच्याशी बोलायचे आहे.

मी एका साखर कारखान्याच्या देखभाल खात्यात वायरमन म्हणून ३१ वर्षे नोकरी केली. निवृत्त झाल्यावर थोरल्या बंधूंच्या मुलाबरोबर घराशेजारच्या शेडमध्ये छोटे वर्कशॉप टाकले. पोरगा हाताने चलाख आहे. नांगराचे फाळ, कुळवाची पास, ट्रॅक्टरच्या कल्टिव्हेटरचे फण, खोऱ्या-कुऱ्हाडीचे दांडे, जे येईल ते करतो. दांड्यांसाठी आणि लाकडी औतांसाठी गोल पात्याची एक करवत आहे, तीन हॉर्सपॉवरची, तीन फेजवर चालणारी. ती करवत आणि तिच्यावरची पेटी हाच या लेखाचा विषय.

पण आधी पेटीच्या आत काय असते ते समजून घ्या. समजले नाही तर पुढचे बोलणे वाया जाईल.

पेटीत तीन जोड्या संपर्काच्या पट्ट्या असतात, प्रत्येक फेजला एक. हिरवे बटण दाबले की या पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि मोटरला वीज मिळते. पण आपण बटण सोडल्यावर त्या चिकटून कशाच्या जोरावर राहतात? तिथे एक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते, तिला नो-व्होल्ट कॉइल म्हणतात. तिच्यातून वीज वाहते तोवर तिचा लोखंडी गाभा चुंबक होतो आणि पट्ट्यांना धरून ठेवतो. जड फाटक दोरीने ओढून धरलेल्या माणसासारखे हे आहे. माणूस उभा आहे तोवर फाटक उघडे. त्याने दोरी सोडली की फाटक आपल्या वजनानेच मिटते.

आता या कॉइलची वीज कुठून येते ते पाहा, सगळी गंमत तिथेच आहे. ती तांबड्या बटणातून येते आणि ओव्हरलोड रिलेमधूनही येते. तांबडे दाबले की कॉइलची वीज तुटते, दोरी सुटते, मोटर थांबते. मोटरवर जास्त ताण पडून ती फार वीज ओढू लागली की रिलेतल्या पट्ट्या तापून वाकतात, त्याही कॉइलचीच वीज तोडतात. आणि लाईट गेली तर कॉइल आपोआप मरते आणि पट्ट्या सुटतात. मग लाईट परत आली तरी कुणीतरी हिरवे बटण दाबेपर्यंत मोटर फिरत नाही. हे तिसरे काम सगळ्यात मोलाचे. आपल्याकडे लाईट दिवसातून किती वेळा जाते ते तुम्हाला मी सांगायला नको.

मृगाच्या तोंडावर, ऐन कामाच्या दिवसांत, आमच्या करवतीची पेटी कुरकुर करू लागली. बटण दाबले की करवत फिरे, बोट काढले की थांबे. आधी दहातून एखाद्या वेळी असे होई, दोन दाबांत धरून राही. मग पाचातून एकदा. मग एके दिवशी धरायलाच तयार नाही. मी त्या दिवशी तालुक्याला बँकेच्या कामाला गेलो होतो. शेडबाहेर चार गिऱ्हाइके बसलेली, कुणाचे दांडे, कुणाच्या पाभरीचे काम. पेरणीच्या आधीचा शेतकरी कसा असतो ते तुम्ही जाणता, त्याला उद्या या म्हणता येत नाही. बसलेल्यांपैकी एकाने सल्ला दिला, ‘आरं, बटणात पाचर मार की. आमच्या कुट्टीला वरीस झालं मारलीया.’ पुतण्याने बाभळीची एक कपची तासली, हिरव्या बटणाच्या खाचेत ठोकली आणि करवत सुरू झाली. काम उरकले. गिऱ्हाइके खूश.

दुपारी लाईट गेली. पुतण्या घरी जेवायला गेला. जाताना मेन स्विच खाली ओढायचे राहिले. करवत तर थांबलेलीच होती.

मी एसटीने परत येऊन अंगणात पाय धूत होतो. तेवढ्यात शेडमध्ये करवत सुरू झाल्याचा आवाज आला. कारखान्यात इतकी वर्षे काढल्यावर कानाला एक सवय लागते. करवत लाकडात शिरली की तिचा आवाज जड होतो. हा आवाज मोकळा होता. करवत फिरते आहे, पण कुणी काही कापत नाही. मी तसाच ओल्या पायांनी धावलो आणि आधी दाराजवळचे मेन स्विच खाली ओढले.

करवतीच्या टेबलाखाली वहिनी बसल्या होत्या. रेडकाखाली घालायला भुसा न्यायला त्या रोज यायच्या. करवत बंद असतानाच यायच्या, तेवढे त्यांना ठाऊक होते. एका हातात पाटी आणि दुसऱ्या हाताने पात्याखालचा भुसा ओढत होत्या. पाते फिरले तेव्हा हात नुकताच बाहेर आला होता. पदर मात्र आत ओढला गेला आणि वीतभर फाटून निघाला. त्या ओरडल्या नाहीत. पाटी तशीच धरून बसल्या होत्या आणि माझ्याकडे बघून एवढेच म्हणाल्या, ‘भाऊजी, बटण कुणी दाबलं?’

बटण कुणीच दाबले नव्हते, वाचकहो.

त्या संध्याकाळी आमच्या घरात जे बोलणे झाले ते इथे लिहीत नाही. घरोघरी असे प्रसंग होतात आणि त्या वेळी कोण कुणाला काय बोलतो याला ताळतंत्र नसतो. पुतण्या दोन दिवस शेडकडे फिरकला नाही. बंधूंचे म्हणणे, ती करवत विकून टाक. वहिनींनी फाटलेला पदर दुमडून शिवला आणि तेच लुगडे दुसऱ्या दिवशी नेसल्या. मला मात्र त्या पोराचा राग फार वेळ धरता आला नाही. सल्ला देणारा चांगला कर्ता शेतकरी होता. त्याच्या घरी वर्षभर पाचर होती आणि काही झाले नव्हते. असे काही न झाल्याचेच दाखले माणसाला फसवतात.

तिसऱ्या दिवशी मी पुतण्याला बोलावून आणले. म्हटले, तुला कुणी बोलणार नाही, पण पेटी तू उघडायची आणि दोष तू शोधायचा. मी फक्त शेजारी बसतो. तो म्हणाला, ‘काका, शोधायचं काय त्यात? कॉइल जळली आसंल. तालुक्याचा दुकानदार तर म्हणतो, पेटीच नवी घ्या.’ मी म्हटले, असेलही. पण ‘असेल’वर पैसे खर्चायचे नाहीत.

पुढचे आम्ही जसे केले तसे सांगतो. ज्याला विजेचे काम येत नाही त्याने हे करून पाहू नये, जाणता वायरमन बोलवावा. पण वायरमन आला म्हणजे तो काय तपासतो आणि काय तपासत नाही हे तुम्हाला कळायला हवे. म्हणून हा खटाटोप.

पहिले काम वीज मारायची. मेन स्विच खाली केले, तिन्ही फ्यूज उपसले आणि पुतण्याने ते आपल्या खिशात घातले. फ्यूज खिशात म्हणजे दुसरा कुणी येऊन ‘लाईट का बंद केली’ म्हणून दांडा वर करील ही भीती नाही. मग टेस्टर. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही, असे धरून चालू नका. टेस्टरच बिघडलेला असू शकतो. आधी तो जिथे वीज नक्की आहे अशा जागी लावून पाहायचा, मग पेटीत, मग पुन्हा त्या जिवंत जागी. तीन वेळा. कारखान्यात आमचे जुने मेस्त्री यासाठी हातावर फटका मारत.

दुसरे, बाहेरून तिन्ही फेज येतात का. एक फेज गायब असली तरी मोटर गुरगुरते, फिरत नाही, आणि कॉइल त्याच फेजवर असेल तर पेटी धरत नाही. मग दोष डीपीवर असतो आणि आपण पेटी बदलत बसतो. यासाठी मी एकाच वॅटचे दोन पिवळे बल्ब एकापुढे एक जोडून ठेवले आहेत. दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात, साधा बल्ब २३० चा. एकटा लावला तर फुटेल, दोघे मिळून निभावतात. मेन स्विचच्या येणाऱ्या बाजूवर तिन्ही जोड्या लावून पाहिल्या. सारखा उजेड पडला. बाहेरचा दोष नव्हता. हे काम मात्र जिवंत विजेवरचे आहे, तेवढे मी माझ्या हाताने केले. आजकाल बाजारात मीटर स्वस्त मिळतो, तो वापरता येत असेल तर अधिक चांगले.

मग पेटीचे झाकण काढले. झाकण काढताच मूठभर भुसा मांडीवर सांडला. वरच्या बाजूचे केबलचे भोक उघडेच होते, तिथून तो आत शिरत होता. एका कोपऱ्यात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधलेले. तुमच्या विहिरीवरच्या पेटीतही हेच निघेल, शिवाय पालीची अंडी आणि मुंग्या. मुंग्यांना त्या पेटीची ऊब आवडते आणि पट्ट्यांमध्ये चिरडून त्या तिथेच जळतात. मग पट्ट्या नीट टेकत नाहीत.

पट्ट्या पाहिल्या. काळ्या पडल्या होत्या. पुतण्या लगेच काचकागद शोधू लागला. त्याला थांबवले. या पट्ट्यांच्या टोकाला चांदीचा मुलामा किंवा चांदीचे बटण असते. चांदीवर चढलेल्या काळ्या थरातूनही वीज जाते, त्याचे काही बिघडत नाही. काचकागदाने घासले की चांदी जाते, खालचे तांबे उघडे पडते आणि ते खरोखरच जळू लागते. कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसायचे, बस्स. वितळून मणी आले असतील तर बारीक कानशीचा एखादा हात, आणि खड्डे पडले असतील तर पट्ट्या बदलायच्या. आमच्या पट्ट्या ठीक होत्या.

आता कॉइल. तिची एक तार सोडवून मीटरने दोन टोकांत तपासली. मीटरने आकडा दाखवला, म्हणजे गुंडाळी आतून तुटलेली नव्हती. जळल्याचा वासही नव्हता. पुतण्याचा चेहरा पडला. कॉइल जळली असती तर दोष आयता सापडला असता. मी म्हटले, कॉइल चांगली आहे, मग तिला वीज का मिळत नाही ते शोध. तिच्याकडे येणाऱ्या वाटेत कोण कोण आहे?

त्याने तारेवर बोट ठेवून वाट शोधली. रिलेचा संपर्क, तो मिटलेला. मग तांबडे बटण. मीटरच्या सुया बटणाच्या दोन्ही स्क्रूंवर टेकवल्या. कधी आकडा यायचा, कधी नाही. बटण बोटाने बाहेर ओढले की यायचा, सोडले की जायचा.

दोष तांबड्या बटणात होता. बाभळीचा बारीक भुसा त्याच्या मागच्या खाचेत बसून बसून घट्ट झाला होता. बटण दाबल्यावर परत पूर्ण बाहेर येत नव्हते, म्हणजे अर्धवट दाबलेलेच राहत होते. पेटी बिचारी आपले काम चोख करत होती. कुणीतरी ‘थांब’ म्हणते आहे असे तिला वाटत होते, म्हणून ती थांबत होती. त्यातून ती पेटी ज्याने करवत विकली त्याने थेट करवतीच्या टेबलाला ठोकलेली. टेबलाच्या थरथरीने बटणावरचा एक स्क्रूही अर्धा आटा ढिला झालेला. म्हणून दोष कधी दिसे, कधी लपे.

आणि आम्ही पाचर मारली होती ती हिरव्या बटणात!

या पाचरीने काय काय होते ते नीट ध्यानात घ्या. आमच्या पेटीत हिरवे बटण पट्ट्यांना थेट दांडीने ढकलते, पुष्कळ शेतीपंपांच्या पेट्याही अशाच असतात. अशा पेटीत पाचर मारली की पट्ट्या कॉइलशिवायच चिकटून राहतात. मग लाईट गेली तरी सुटत नाहीत, हे एक. तांबडे बटण कॉइलची वीज तोडते, पण कॉइलला आता कोण विचारतो? म्हणजे करवत थांबवायला तांबडे बटणही उरले नाही, हे दुसरे. ओव्हरलोड रिलेही कॉइलचीच वीज तोडतो. मोटर अडकून तापली तर ती जळून धूर निघेपर्यंत कुणी अडवणार नाही, हे तिसरे. दुसऱ्या जातीच्या पेटीत बटण नुसते विजेचे असते, पट्ट्यांना ढकलत नाही. तिथे पाचर मारली तर तांबडे आणि रिले काम करतात, पण लाईट येताच यंत्र आपोआप सुरू होते ते होतेच. एवढ्याशा कपचीने पेटीच्या सगळ्या राखणदारांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली.

१९८३ साली केंद्र सरकारने धोकादायक यंत्रांचे नियमन करणारा कायदा केला. तो खास शेतीत आणि खेड्यात वापरायच्या यंत्रांसाठी आहे आणि त्यात मळणी यंत्राचे नाव घातले आहे. मळणी यंत्रात हात गेलेली माणसे देशात जागोजाग होती, म्हणून तो करावा लागला. तुमच्याही पंचक्रोशीत कुट्टीने बोटे घेतलेला एखादा तरी असेल. कायदा यंत्र बनवणाऱ्याला सांगू शकतो की अमुक झाकण लाव. शेडमध्ये पाचर मारणाऱ्याला तो दिसत नाही.

दुरुस्तीला काय लागले ते सांगतो. फडके, ब्रश, एक स्क्रू आवळणे. तांबडे बटण सुटे करून भुसा काढला, ते टकाटक आतबाहेर होऊ लागले. पेटी टेबलावरून काढून शेजारच्या खांबावर बसवली, करवतीसमोर उभ्या माणसाचा हात सहज पोचेल अशी. केबलचे भोक खालच्या बाजूला घेतले आणि रबराची गोल बुचे बसवली. पेटीला अर्थिंगची तार होती, पण गंजलेली, ती बदलली. दुकानदाराने सांगितलेल्या नव्या पेटीचे पैसे वाचले. त्यातल्या थोड्या पैशांतून अळंबीच्या आकाराचे एक मोठे तांबडे बटण आणून टेबलाच्या कडेला मांडीच्या उंचीवर लावले. दोन्ही हात लाकडात गुंतलेले असले तर गुडघ्याच्या धक्क्याने करवत थांबते. जोडणी सोपी आहे. जुन्या तांबड्या बटणाच्या तारेतच ते एकापुढे एक जोडायचे.

रिलेवरचा काटाही पाहिला. तो पार शेवटच्या आकड्यावर फिरवलेला. पेटी वारंवार पडते म्हणून कुणीतरी तसे केलेले असते. काटा मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवर ठेवायचा. पाटी पुसली गेली असेल तर तीन फेजच्या मोटरला हॉर्सपॉवरमागे साधारण दीड अँपिअर हा ढोबळ हिशेब. पेटी तरीही पडत असेल तर काटा वाढवू नका. बेअरिंग अडले आहे का, पात्याची धार गेली आहे का, एक फेज मंद आहे का ते पाहा.

आणखी दोन लक्षणे जाता जाता. पेटी घरघर करत असेल, भुंग्यासारखी, तर एक तर व्होल्टेज फार कमी आहे, नाही तर चुंबकाच्या तोंडावर घाण आहे किंवा तिथली तांब्याची छोटी कडी तुटली आहे. आपली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते आणि त्या क्षणी चुंबकाची पकड सुटू नये म्हणून ती कडी असते. आणि तांबडे दाबूनही यंत्र थांबत नसेल तर पट्ट्या वितळून एकमेकींना चिकटल्या आहेत. अशा वेळी बटणाशी झटत बसू नका, मेन स्विच ओढा. म्हणूनच मेन स्विचपुढे कडब्याच्या पेंढ्या रचू नयेत.

आता माझ्या भगिनींसाठी. तुमच्या घरगुती गिरणीला किंवा हातात धरायच्या ग्राइंडरला पुष्कळदा ही कॉइल नसतेच. साधा वर-खाली स्विच असतो. लाईट गेली की तो चालूच राहतो आणि लाईट आल्यावर यंत्र लगेच फिरते. तेव्हा लाईट गेल्याबरोबर पहिले काम स्विच बंद करणे आणि पिन काढणे. मग मेणबत्ती शोधा, मग पीठ सारखे करा. दळणाच्या तोंडात अडकलेला दाणा काढायला बोट घालण्याआधी तर पिन हातात हवीच. गिरणी नुसती गुणगुणते आणि फिरत नाही असे झाले तर तो बहुधा स्विचचा दोष नसतो, कपॅसिटर गेलेला असतो. पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते, म्हणून तो आपण उघडू नये.

विहिरीवरच्या मोटरला काही जण ऑटो स्विच बसवतात. रात्री दोनला लाईट येते, कोण उठून जाणार? ही अडचण खरी आहे आणि ती मी हसण्यावारी नेत नाही. विहिरीपाशी त्या वेळी माणूस नसतो, त्यामुळे पाचरीइतका जीवाचा धोका तिथे नाही. पण लाईट येताच सगळ्या शिवारातल्या मोटरी एका दमात उठतात आणि डीपीवर भार येऊन तो जळतो. म्हणून महावितरण ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा असे शेतकऱ्यांना सांगत आले आहे. जळालेला डीपी बदलून येईपर्यंत उभे पीक वाळते. त्याचा हिशेब ज्याने त्याने करावा. पण कुट्टी, करवत, गिरणी, जिथे माणसाचा हात पोचतो तिथे आपोआप सुरू होणारे काहीही नको, यावर मी अडून बसतो.

वहिनी अजून भुसा न्यायला येतात. नको म्हटले तरी ऐकत नाहीत, रेडकाला कोरडी जागा लागते. पण आता त्या आधी मेन स्विचचा दांडा स्वतःच्या हाताने खाली ओढतात, तिन्ही फ्यूज काढतात आणि ओट्यात घालतात. एकदा त्या तशाच घरी निघून गेल्या आणि पुतण्या तासभर फ्यूज शोधत होता. कुणी हसले नाही.

पुतण्याने मात्र एक काम स्वतःहून काढले. ज्या शेतकऱ्याने पाचरीचा सल्ला दिला होता त्याच्या घरी तो एका रविवारी गेला. कुट्टीच्या पेटीत खरेच पाचर होती, त्यावर वर्षभराची धूळ. त्या घरात पाच आणि सात वर्षांची दोन पोरे आहेत आणि वैरण टाकायला आजीबरोबर तीही हात लावतात. शेतकरी आधी कुरकुरला, ‘चालतंय की, कशाला हात लावतूस?’ पुतण्याने त्याच्याशी वाद घातला नाही. लाईट आली होती, कुट्टी चालू होती. त्याने तांबडे बटण दाबले आणि बाजूला झाला. कुट्टी फिरतच राहिली. शेतकऱ्याने स्वतः पुढे होऊन दोनदा दाबून पाहिले. मग तोच म्हणाला, ‘मेन पाड.’ तिथे कॉइल खरोखरच जळलेली निघाली. नवी आणून बसवली, कॉइलचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही.

येत्या रविवारी त्याला ओढ्यापलीकडच्या वस्तीवर बोलावले आहे. तिथे दोन कुट्ट्या आहेत आणि एक गिरणी.